आबाजी, दोन पोरं आणि नागपूरचा वाघ

मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायचं हे आमच्या घरी गणपतीपासून ठरत होतं आणि डिसेंबर उजाडला तरी ठरतच होतं. सेवाग्रामहून नागपूर काही दूर नाही. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. पण एकदा माझी ड्यूटी बदलली, एकदा धाकट्या वेदला गालगुंड झालं, आणि एकदा डबे भरून, टोप्या घालून तयार झाल्यावर फोन केला तर कळलं की आज तिथे साप्ताहिक सुट्टी. जाणाऱ्यांनी हे एवढं आधी विचारून घ्यावं. चार वर्षांच्या मुलाला वाघाची आज सुट्टी आहे हे पटवणं फार जड जातं. वेदनं तेव्हा विचारलं होतं, "मग तो घरी काय करतो?"

मी मूळची सांगलीकडची. इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, इथेच लग्न झालं, त्याला नऊ वर्षं झाली. नवरा प्रशांत वर्ध्यात विजेच्या सामानाचं दुकान चालवतो. मोठी ओवी दुसरीत आहे, धाकटा वेद अजून बालवाडीत. सासू-सासरे केळझरच्या आतल्या बाजूला, बोरच्या जंगलाच्या कडेच्या एका गावात राहतात. वांगी, पालक, सांभार पिकवून सेलूच्या बाजारात विकायचं, हे त्यांचं पस्तीस वर्षांचं काम. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे समजायला मला लग्नानंतर महिना लागला होता. सासऱ्यांना मी इकडच्या रीतीनं मामाजी म्हणते. मुलांचे ते आबाजी.

या सहलीत मामाजींना न्यायचं ही कल्पना ओवीची. आणि ती ऐकून मी आणि प्रशांत दोघांनीही लगेच हो म्हटलं नाही, त्याचं कारण आधी सांगायला हवं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका पहाटे मामाजी वांग्यांना पाणी द्यायला शेतात गेले होते. आमच्या शेताला वीज पहाटेचीच मिळते, त्यामुळे विहिरीवरची मोटार लावायला अंधारात जावंच लागतं. गौरा नावाची दुभती गाय त्यांनी सोबत नेऊन बांधावर बांधली होती. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं तिथे रोजची, पण त्या दिवशी वाघ आला आणि त्यानं गौराला मारलं. मामाजींनी नंतर सगळ्यांना सांगितलं की मी धावत जाऊन तिचं दावं सोडलं, टिनाचा डबा वाजवला, ओरडलो, पण ती पळेपर्यंत त्यानं तिला गाठलं. गावात ते सांगितलं, वनखात्याच्या माणसांना सांगितलं, आम्हालाही सांगितलं. लोकांनी त्यांच्या हिमतीचं कौतुक केलं.

त्यानंतर मात्र ते पहाटे शेतात गेले नाहीत. ऊन चांगलं वर आल्याशिवाय घराबाहेर पडेनासे झाले. बोलणं कमी होत गेलं. पाणी द्यायला सासूबाई मजुराला घेऊन जायच्या. दिवाळीत मामाजींनी जाहीर केलं की येत्या गुढीपाडव्यापासून सगळं शेत शेजाऱ्याला ठेक्यानं देऊन टाकायचं. सासूबाई त्यावर काहीच बोलल्या नव्हत्या.

"बाबाले वाघाचं सांगू नको," प्रशांत मला म्हणाला. "बाग म्हण. नाईतर ते येत नाही."

मी फोनवर बाग म्हणाले. नागपूरला एक मोठी बाग आहे, मुलांना दाखवायची आहे, तुम्ही चला. ते "येतो" म्हणाले.

शनिवार, गावी

शनिवारी संध्याकाळीच आम्ही गावी मुक्कामाला गेलो, म्हणजे सकाळी तिथून लवकर निघता येईल. मी यादी केली होती. दोघांचे दोन-दोन जास्तीचे कपडे, ओले रुमाल, पाणी, स्वेटर, औषधाची पिशवी, बिस्किटं. सासूबाईंनी ती यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "एका दिवसासाठी चालल्या ना तुम्ही?"

त्या तिखटमिठाच्या पुऱ्या लाटत होत्या. आमच्याकडे प्रवासाला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी निघते, इकडे पुऱ्या आणि सांभारवड्या. मी शेजारी बसून सांभार निवडत होते. मामाजी ओसरीवर मुलांपाशी बसलेले पाहून सासूबाईंनी हळूच विचारलं, "बाग म्हणजे कोनती व?"

मी खरं सांगितलं. त्यांचं लाटणं थांबलं नाही.

"ने त्यायले," त्या म्हणाल्या. "घरी बसून बसून त्यायचं बोलणंच बंद झालं."

"रागावले तर?"

"रागावले तर रागावले. बोलतीन तरी."

रविवार, केळझर

साडेसातला निघालो तेव्हा धुकं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी शेंगांनी वाकलेल्या, आणि कपाशीत उरलासुरला कापूस धुक्यामुळे जास्तच पांढरा दिसत होता. मामाजी धुतलेलं धोतर आणि कोट घालून पुढे बसले होते. कोट फक्त लग्नाला निघतो. बागेसाठी त्यांनी तो घातला हे पाहून मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

वाटेत केळझरला गणपतीचं दर्शन घेतलं. टेकडीवरचं देऊळ, पायऱ्या, सकाळची थंडी. गर्दी अजिबात नव्हती. पुऱ्यांचा डबा गाडीत वास धरेल म्हणून मी तो पिशवीत घालून बरोबर घेतला होता, ही माझी चूक. पायरीवर पिशवी ठेवून मी वेदची चप्पल घालत होते, तेवढ्यात एक मोठा वानर शांतपणे आला, पिशवीत हात घालून त्यानं डबा काढला आणि दोन पायऱ्या वर जाऊन बसला. पळालाही नाही. झाकण उघडून त्यानं एक पुरी उलटसुलट करून पाहिली.

"आजीनं आपल्यासाठी केल्या होत्या," वेद त्याला म्हणाला.

वानरानं दुसरी पुरी उचलली. मामाजी हसायला लागले. ते हसू मी वर्षभर ऐकलं नव्हतं. "खाऊ दे त्याले," ते म्हणाले, "तिखट लागन तं सोडून देईन." त्यानं सोडलं नाही. वीस-पंचवीस पुऱ्या गेल्या. डबा मात्र आम्हाला परत मिळाला. सांभारवड्या गाडीत होत्या म्हणून वाचल्या.

नागपूर

बुटीबोरीच्या जरा अलीकडे वेदला गाडी लागली. जास्तीचे कपडे आणले होते, पण ते गाडीच्या अगदी मागे, सगळ्या सामानाखाली होते. मुलांना घेऊन निघणाऱ्यांनी ती पिशवी पायाशी ठेवावी. रस्त्याच्या कडेला सगळं सामान उतरवून कपडे शोधेपर्यंत वेद बनियनवर थंडीत उभा होता, आणि मामाजींनी लग्नाचा कोट काढून त्याच्याभोवती गुंडाळला.

शहरात शिरल्यावर एका टपरीवर तर्रीपोहे खाल्ले. आमच्याकडे पोहे म्हणजे ओलं खोबरं, चिमूटभर साखर, पाहुण्यांना द्यायचा सौम्य पदार्थ. इथे त्याच पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात. नऊ वर्षांत मी सगळं शिकले, पण पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी अजून येतं. ओवी माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई अजून सांगलीचीच आहे."

प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तिकिटाच्या खिडकीवर वाघाचं मोठं चित्र होतं. मी ते आधी पाहिलं नव्हतं. मामाजींनी पाहिलं. ते तिथेच थांबले.

"बाग म्हणली होती तू."

मी काहीतरी सारवासारव करायला लागले. प्रशांत मध्ये पडला. "बाबा, पोट्ट्यायले पाहायचं होतं. तुम्ही दुरून पाहा."

"मले सांगितलं असतं तं मी आलो नसतो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमी जा. मी इथं बसतो."

फाटकाच्या आत एका मोठ्या झाडाखाली बाक होता, तिथे ते बसले. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही बसले. प्रशांत मुलांना घेऊन पुढे गेला. आम्ही दोघं बाकाच्या दोन टोकांना. ते कोटाची बटणं लावत होते आणि पुन्हा सोडत होते. मला सारखं वाटत होतं की यांना असं फसवायचा मला काय अधिकार होता. माफी मागावी असं दोनदा मनात आलं, पण मागितली नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी ओवी एकटीच पळत आली. "आबाजी, मगर दाखवते चला. ती हलतच नाही. बाबा म्हणतात ती जिवंत आहे, मला वाटतं नाही. तुम्ही सांगा."

मामाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले. मगरीसाठी उठले, एवढंच.

मगर जिवंत होती. मामाजींनी तिच्या पोटाकडे बोट दाखवून श्वास कसा चालतो ते ओवीला समजावलं. मग हरणं पाहिली, मोर पाहिले, साळिंदर पाहिलं. वेदला यातलं काहीच भावलं नाही. एक माणूस रबरी नळीनं रस्ता धूत होता, वेद त्या नळीपाशी उभा राहिला आणि तिथून हलायलाच तयार नव्हता. शेवटी प्रशांत त्याच्याजवळ थांबला. लहान मुलाला प्राणी दाखवायला न्यावं आणि त्यानं नळी पाहावी, यात वाईट वाटून घेऊ नये, असं मी आता सगळ्यांना सांगते.

आम्ही तिघं पुढे चाललो होतो. वळणावर अचानक तो आवाज आला. डरकाळी म्हणावी एवढा मोठा नव्हता, घशातल्या घशात, जड, जमिनीतून आल्यासारखा. मामाजी कठड्याला धरून हळूहळू खाली बसले आणि तसेच राहिले. चेहरा पांढरा पडला होता. मी नाडी धरली, ती फार जोरात चालली होती. पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. "घरी जाऊ या," मी म्हणाले. "आत्ता निघू."

ओवी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली.

तेवढ्यात पिंजऱ्यांच्या बाजूनं एक पन्नाशीचे गृहस्थ आले. खाकी शर्ट, पायात गमबूट, हातात रिकामी बादली. तिथले प्राणी सांभाळणारे. त्यांनी बादली ठेवली आणि उकिडवे बसून विचारलं, "काय झालं काकाजी? चक्कर आली काय?"

"नाई," मामाजी म्हणाले. मग पाण्याचा घोट घेऊन, "मले याचा आवाज माहीत हाये."

"कोणत्या गावचे तुम्ही?"

मामाजींनी गाव सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "मी वडनेरचा, हिंगणघाटकडला." मग दोघं कापसाबद्दल बोलले, यंदाच्या तुरीबद्दल बोलले. मामाजींच्या चेहऱ्यावर रंग परत येताना दिसत होता.

"पाहता काय?" गृहस्थांनी विचारलं. "म्हातारा झाला तो. एका डोळ्यानं दिसत नाई त्याले. मी हाओ संगं."

मामाजी उठले. एका हाताला ओवी, दुसऱ्या बाजूला ते वडनेरचे गृहस्थ. दुहेरी जाळीच्या पलीकडे, पाण्याच्या टाक्याजवळ वाघ उन्हात बसला होता. तो मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा होता, आणि अंगावरचे पट्टे चित्रातल्यासारखे स्वच्छ नव्हते, धुळीचे होते. त्यानं एकदा आमच्याकडे तोंड वळवलं आणि परत फिरवलं.

मामाजी बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला तेव्हा समजलाच नाही.

"माणूस दाराआड लपला तं याले कळते काय?"

"कळते ना," ते गृहस्थ म्हणाले. "वास येते, श्वास आयकू येते. याले सगळं कळते. पण हाती शिकार असली तं ते सोडून तो दाराकडं येत नाई. त्याले काय करायचं तुमच्याशी?"

मामाजींनी मान हलवली. गृहस्थ आपली बादली घेऊन कामाला गेले. आम्ही समोरच्या ओट्यावर बसलो. मामाजी ओवीशी बोलायला लागले, माझ्याकडे न पाहता.

"मी डबा वाजवला नाई," ते म्हणाले.

"कोणता डबा?"

"गौराच्या वक्ती. मी सगळ्यायले सांगतलं का दावं सोडलं, डबा वाजवला. मी नाई सोडलं दावं. त्याले पाह्यलं अन् मोटारीच्या खोलीत पळालो. आतून कडी लावली. ती बांधूनच होती. मले आयकू येत होती. मी कानावर हात ठेवून बसलतो."

"मग?"

"मग ती थांबली."

ओवीनं यावर विचार केला. ती विचार करते तेव्हा खालचा ओठ चावते. "कडी नसती लावली तर वाघ तुमच्याकडे आला असता?"

"काय माहीत बेटा."

"मी पण लावली असती," ती म्हणाली. "मी तर पलंगाखाली पण गेले असते."

मामाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. आम्ही सगळे वर्षभर त्यांची भीती सांभाळत होतो. उजेड पडल्यावर जा, सोबत घेऊन जा, जाऊच नका. आणि जो भेटेल तो त्यांच्या हिमतीचं कौतुक करत होता, मीसुद्धा. ती प्रत्येक शाबासकी त्यांना कशी लागली असेल, ते मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं.

"मामाजी," मी म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलले. बाग म्हणाले."

त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. "म्याही वर्षभर बोललो," ते म्हणाले.

परतीची वाट

वेदला नळीपासून सोडवायला आणखी अर्धा तास लागला. ज्यांनी ती धरली होती त्यांनी शेवटी दोन मिनिटं त्याच्या हातात दिली, आणि दुसरा कपड्यांचा जोड तिथे कामी आला. सावलीत बसून आम्ही सांभारवड्या आणि संत्री खाल्ली. मामाजींनी चार वड्या खाल्ल्या. तीनच्या सुमाराला सगळे प्राणी झोपले, तेव्हा आम्हीही निघालो. दुपारनंतर तिथे पाहण्यासारखं फारसं उरत नाही, सकाळीच जावं.

येताना मुलं मागे झोपली. मामाजी पुढे बसून प्रशांतला जे सांगायचं ते सांगत होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, त्या दोघांना एकटं बोलता यावं म्हणून. प्रशांतनं एका ठिकाणी गाडी कडेला घेतली, बराच वेळ तशीच उभी ठेवली आणि मग पुन्हा चालू केली.

आज हे लिहिते आहे तेव्हा पाडवा होऊन गेला आहे. नाल्याकडचा तुकडा, जिथे ते घडलं, तो मामाजींनी शेजाऱ्याला ठेक्यानं दिला. गावाजवळचा ठेवला. त्यात वांगी आहेत. पहाटे ते अजून एकटे जात नाहीत, सासूबाई बरोबर असतात. जाणं सुरू झालं आहे, इतकं मी सांगू शकते. धाडस परत आलं वगैरे म्हणणार नाही.

त्या रविवारी आम्ही गावी पोचलो तेव्हा नुकतीच दिवेलागण झाली होती. सासूबाई चुलीपाशी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मुलांनी आजीला वानराची गोष्ट सांगितली, मगरीची सांगितली, वेदनं नळीची सांगितली. मामाजींनी पाय धुतले, कोट खुंटीला लावला आणि चुलीजवळ पाटावर येऊन बसले. मी ताटं घेत होते.

"दावं मी नाई सोडलं त्या दिवशी," ते म्हणाले. "गौरा बांधूनच होती. मी खोलीत होतो."

सासूबाईंनी तव्यावरची भाकर उलटली.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "सगळ्यायच्या पह्यले मीच पोचलती. दावं खुंट्याले तसंच होतं, गाठ बी तशीच. लोक यायच्या आत म्या सोडलं अन् पदराखाली घेतलं."

चुलीतलं लाकूड सरकलं, मामाजींनी ते आत सारलं.

"मंग वर्षभर बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यलती," सासूबाई म्हणाल्या, आणि भाकर त्यांच्या ताटात टाकली.